हसलेले अनारसे आणि गुहागरचं धोंडस

माझ्या हातचा अनारसा हसला, असं उभ्या आयुष्यात एकदाच झालं. ज्यांनी कधी कढईपुढे बसून अनारसे तळले नाहीत त्यांच्यासाठी सांगते. अनारसा हसला म्हणजे तुपात सोडल्याबरोबर विरघळला, त्याचे कण कण झाले आणि झाऱ्यावर घ्यायला काही उरलंच नाही. नाव मोठं गोजिरं आहे, पण तो हसला की करणारीवर रडायची पाळी येते. त्या दिवशी मात्र रडायची पाळी माझ्यापेक्षा दुसऱ्याच एका पोरीवर आली होती. ती हकिगत सांगायची म्हणून हे लिहायला बसले आहे.

दिवाळीच्या आधी मी रत्नागिरीत घरोघर जाऊन फराळ करून देत असे. सामान घरचं, चूल घरची, हात माझे. वसुबारसेच्या कितीतरी आधीपासून माझी घरं ठरलेली असत. एका घरी चकल्या, दुसऱ्या घरी करंज्या, जिथे जावई यायचा असेल तिथे चिरोटे आणि अनारसे. मी ह्या कामात आले ती हौसेनं नव्हे. नवरा मुंबईला गेला, तिथे त्यानं दुसरं घर केलं आणि मला कळवलंसुद्धा नाही. सासरच्यांनी मला सणाला म्हणून माहेरी पाठवलं आणि परत न्यायला कोणी आलं नाही. मी टाकलेली बाई झाले. आईनं मला काही दिवस पोटभर रडू दिलं आणि मग एका सकाळी हातात सोऱ्या दिला. तेव्हापासून भामा म्हणजे फराळवाली भामा, असंच गाव मला ओळखतं.

गिऱ्हाइकं एकेक नमुनेदार होती. कचेरीतल्या एका कारकुनाच्या बायकोला सगळ्या चकल्या एका मापाच्या लागत. एखादी चकली अंगानं भरली की ती बाई तिच्याकडे अशी बघे, की चकलीनंच लाजून कढईत उडी मारावी. दुसरे आमचे मांडवीचे म्हातारे तांडेल. जन्मभर गलबतावर काढलेला माणूस. त्यांनी कराची बंदरात कधी काळी नानकटाई खाल्ली होती आणि दर दिवाळीला त्यांना तीच हवी असायची. आता आमच्याकडे भट्टी कुठली? जाड बुडाच्या पातेल्यात वाळू घालायची, वाळूवर ताटली, ताटलीत नानकटाया, वर झाकण आणि झाकणावर करवंट्यांचे निखारे. खालची आच मंद, वरची जरा चढी. बेकरीवाल्याचं जे काम ते आम्ही असं चुलीवर उरकत असू.

ह्या भाजण्याचा कायदा एकच. झाकण उघडायचं नाही. वास सांगतो तेव्हाच उघडायचं. तांडेलांना तेवढा दम नसायचा. मी जरा पाठ वळवली की, "झाली काय गो भामे?" म्हणत ते चिमट्यानं झाकण उचलीत आणि वरची राख थेट नानकटाईवर सांडे. एकदा तर सगळी ताटली राखेनं माखली. मी कपाळावर हात मारला. तांडेलांनी एक नानकटाई फुंकून तोंडात टाकली आणि डोळे मिटून म्हणाले, "अश्शीच होती बघ कराचीची!"

आणखी एक कायदा सांगायला हवा, कारण पुढची सगळी भानगड त्यातूनच झाली. सणाचं काही केलं की ते देवाला दाखवल्याशिवाय चाखायचं नाही. बोटसुद्धा चाटायचं नाही. मिठाचा अंदाज चिमटीला, पाकाचा तारेला, तळणाचा नाकाला आणि कानाला. करंजी तुपात गेली की तिचा एक आवाज असतो, तो बदलला की ती झाली. बाहेरचे लोक विचारत, न चाखता तुम्हाला कळतं तरी कसं? मी ऐटीत सांगत असे, की हाताला कळतं. कळतही असे.

तर ते साल नेमकं आठवत नाही, एकोणीसशे तिसाच्या मागचं-पुढचं असावं. बंदराकडच्या वाटेवर तात्यांचं वाणसामानाचं दुकान होतं आणि मागेच घर. तात्या स्वभावानं गरीब, पण वस्तू वाया गेलेली त्यांना बघवत नसे. नारळाची शेंडीसुद्धा जपून ठेवतील. घरात राज्य त्यांच्या बायकोचं, माईंचं. माईंच्या हाताखाली मी कितीतरी दिवाळ्या काढल्या. जिभेनं तिखट, पण जेवल्याशिवाय मला कधी जाऊ दिलं नाही. त्यांचा एकुलता एक मुलगा दत्तू मुंबईला एका पेढीवर कामाला होता. दिवाळीला तो आगबोटीनं यायचा, आणि त्याला जीव की प्राण म्हणजे अनारसे.

त्या वर्षी वैशाखात दत्तूचं लग्न झालं होतं. सून गुहागरची, नाव गोदा. दत्तूला मुंबईत अजून खोली मिळाली नव्हती, म्हणून ती सासू-सासऱ्यांजवळ राहत होती. सावळी, लहानखुरी पोर. बोलणं इतकं हळू, की चुलीतल्या लाकडाचा आवाज तिच्यापेक्षा मोठा वाटे. तिच्या पाठोपाठ त्या घरात दोन गोष्टी घडल्या. गाय आटली आणि पावसाळ्यात विहिरीचा कठडा ढासळला. गाय गाभण होती, आटायचीच होती. कठडा तर मी त्या घरी जायला लागल्यापासून हलत होता. पण माईंच्या मनानं घेतलं, की पोरीचा पायगुण वाईट.

मी पीठ मळायला गेले त्या दिवशी माईंनी मला मागच्या पडवीत नेऊन हळूच सांगितलं, "भाऊबीजेला हिचा भाऊस न्यायला यायचाय. जाऊ दे एकदाची. परत आणायची नाय, असं मी ठरवलंय. दत्तू आला की त्याच्या कानावर घालीन."

मी काय बोलणार? पोटासाठी दुसऱ्याच्या चुलीपुढे बसणारी बाई मी. पण सणाला म्हणून माहेरी पाठवायचं आणि न्यायला यायचं नाही, म्हणजे काय होतं, हे त्या घरात फक्त मला ठाऊक होतं. कोणी हाकलून देत नाही, कोणी भांडत नाही. मुलगी रोज वाटेकडे बघते आणि एक दिवस बघायची थांबते.

अनारशाचं पीठ असं करतात: तांदूळ रोज पाणी बदलून भिजवायचे, मग निथळून, सावलीत जरा सुकवून कुटायचे आणि दमट असतानाच त्यात गूळ मळून पीठ मुरत ठेवायचं. तांदूळ जुना घेतला होता. गूळ तात्यांनी स्वतः दुकानातून आणून दिला, चांगली मोठी ढेप. मळताना हाताला जरा चिकट लागलं खरं. पण कोकणातल्या हवेत गूळ काय, माणूससुद्धा चिकट होतो. मी पीठ डब्यात भरून ठेवलं आणि दुसऱ्या घरी गेले.

धनत्रयोदशीला सकाळी अनारसे तळायला बसले. दुपारच्या आगबोटीनं दत्तू यायचा होता. माई देवघरातलं आवरून शेजारी पाटावर बसल्या होत्या. मी खसखशीवर पहिला अनारसा थापला, तुपात सोडला, आणि नेमकी त्याच वेळी गोदा खसखशीची दुसरी वाटी द्यायला उंबऱ्यातून आत आली.

अनारसा हसला. बघता बघता कढईभर झाला. मी तूप गाळून दुसरा सोडला, तो हसला. पिठाला थोडं तांदळाचं पीठ लावून तिसरा सोडला, तोही गेला. इतक्या वर्षांच्या हाताला हे काय झालं ते कळेना.

माई माझ्याकडे बघत नव्हत्या. त्या गोदाकडे बघत होत्या. "बघितलंस? हिनं आत पाऊल टाकलंन आणि अनारसा फुटला! आता तरी खरं वाटलं काय? भामे, तुझा दोष नाय हो. तुझ्या हाताला यश हाय, ते साऱ्या गावाला ठाव हाय."

खरं सांगते, ही पळवाट सोपी होती. मी नुसती मान हलवली असती, तर माझं नाव राहिलं असतं. फराळवालीचे अनारसे हसले ही बातमी दिवाळीच्या तोंडावर फुटली, की पुढच्या वर्षी कोण बोलावणार? गोदा वाटी हातात धरून तशीच उभी होती. डोळ्यांत पाणी नव्हतं. पाणी येण्यापलीकडे गेलेली दिसत होती. तो चेहरा मी ओळखला. आरशात बघितला होता.

मी म्हटलं, "माई, पीठ मी मळलं, थापला मी, सोडला मी. फुटला तर तोही माझाच. पोरीचं नाव घेऊ नका. गावात सांगायचं झालं तर खुशाल सांगा, भामाचा अनारसा हसला."

माईंना हे अपेक्षित नव्हतं. त्या उठल्या आणि गोदाला म्हणाल्या, "ते पीठ नेऊन माडाच्या मुळात टाक. माझा दत्तू येईल आणि घरात गोडाचा घास नाय. बरी दिवाळी ही!"

गोदा पातेलं उचलून मागच्या दारी गेली. मीही तिच्यामागून गेले, कारण मला त्या चुलीपुढे बसवेना. बघते तर पोर माडापाशी पातेलं घेऊन थांबली होती. तिनं पिठाचा एक कण जिभेवर ठेवला, जरा विचारात पडली आणि मला बघून दचकली.

"टाकायलाच सांगितलंय ना, काकू? टाकलेलं पीठ देवाचं नसतं. म्हणून चाखलंय."

"मी काय म्हटलं का तुला?"

मग तिनं आवाज आणखी खाली नेला. "काकू, आमच्याकडं गुहागरला बिघडलेलं पीठ असं टाकत नाय. आई त्याचं धोंडस करते. वर तवसं हाय टांगलेलं."

धोंडस म्हणजे तवशाचा, मोठ्या पिकल्या काकडीचा, निखाऱ्यावर भाजलेला गोड केक म्हणा. तांदळाचा रवा, गूळ, खोबरं आणि तवशाचा कीस. मी करत असे, पण रव्यापासून. फसलेल्या अनारशाच्या पिठाचं धोंडस मी ऐकलंसुद्धा नव्हतं. माईंच्या स्वयंपाकघरात वाशाला सुंभानं बांधलेली पिवळी तवशी मात्र होती, दिवाळीपर्यंत टिकावीत म्हणून ठेवलेली. मी माईंना जाऊन म्हटलं, "पीठ वाया घालवण्यापेक्षा धोंडस लावते."

माई वैतागून म्हणाल्या, "लावा काय ते! आता ह्याहून काय बिघडायचं राह्यलंय?"

मी 'लावते' म्हटलं, पण केलं सगळं गोदानं. मी फक्त निखाऱ्यांकडे बघितलं. तिनं तवसं किसलं, रवा तुपावर भाजला, पिठात मिसळला, ओलं खोबरं घातलं, वेलदोडा कुटून घातला. हात माझ्यापेक्षा बेताचे, पण अडखळत नव्हते. जाड टोपाला केळीचं पान लावून तिनं मिश्रण ओतलं. मी सवयीनं म्हटलं, "चिमूटभर मीठ घाल गो, गोडाला उठाव येतो."

ती मान हलवून म्हणाली, "नको."

एकेका गावाची रीत, म्हणून मी झाकण घातलं, वर निखारे पसरले.

मग फक्त वाट बघायची. हे असलं वाट बघणं मी आयुष्यभर केलं, पण तेवढं लांबलेलं दुसरं आठवत नाही. झाकणाखाली काय चाललंय ते दिसत नाही, उघडायचं नाही, हलवायचं नाही. गोदा चुलीपाशी गुडघे पोटाशी घेऊन बसली होती. माई आतबाहेर करत होत्या. त्यांचा हात दोनदा चिमट्याकडे गेला. दुसऱ्या वेळी गोदा पहिल्यांदाच त्या घरात मोठ्यानं बोलली, "माई, नको! राख पडेल!" बोलली आणि स्वतःच घाबरली. माईंनी चिमटा खाली ठेवला.

तेवढ्यात दत्तू आला. मागे हमालाच्या डोक्यावर ट्रंक. पाय धुऊन आत आला आणि आईच्या पाया पडायच्या आधीच म्हणाला, "कसला गो वास हा? बंदरापासून येतोय!" बंदरापासून काही येत नसणार, पण मुंबईहून आलेल्या माणसाच्या नाकाला तेवढं माफ असतं. वास मात्र आला होता. गूळ आणि तवसं एकत्र भाजून कडा धरायला लागल्या की येतो तो. मी निखारे बाजूला केले, राख फुंकली, झाकण उचललं. धोंडस वर तांबूस आलं होतं आणि कडेनं सुटलं होतं. माझा जीव भांड्यात पडला.

माईंनी देवाला नैवेद्य दाखवला. तात्या दुकान बंद करून आले, बापलेक पानावर बसले. माईंनी पहिला तुकडा दत्तूला वाढला, दुसरा तात्यांना, आणि रीतीप्रमाणे करणारीचं म्हणून एक मला. आपणही एक कण तोंडात टाकला. दत्तू काही बोलेचना, तोंड भरलेलं होतं. शेवटी म्हणाला, "भामावैनी, असं धोंडस जन्मात खाल्लं नाय."

"मी नाही केलं," मी म्हटलं. "गोदानं केलं. मी निखारे घातले."

दत्तूनं वर बघितलं. गोदा दाराआड झाली. माईंचं तिकडे लक्ष नव्हतं. त्या सावकाश चघळत होत्या, बारकाईनं. "मिठाचा हात मात्र नेमका पडलाय हो," त्या म्हणाल्या. माईंच्या तोंडून हे ऐकणं म्हणजे शालजोडी मिळाल्यासारखं. "किती घातलंस गो?"

"नाय घातलं," दाराआडून आवाज आला.

"नाय घातलंस तर लागतंय कुठनं?"

गोदा दाराआडून थोडी पुढे आली. "पिठातच होतं, माई. चाखलं तेव्हा खारट लागलं. मना वाटलं, तुमच्याकडं अनारशात मीठ घालायची रीत असंल. म्हणून बोलले नाय."

अनारशात मीठ! मी माईंकडे बघितलं, माईंनी माझ्याकडे बघितलं. तांदूळ घरचा, पाणी विहिरीचं. राहिला गूळ. आम्ही दोघींनी एकदमच तात्यांकडे बघितलं. तात्यांचा घास तोंडातच थांबला होता.

"अहो," माई म्हणाल्या, "ढेप कुठली आणलीत?"

तात्या पाणी प्यायले. "चांगलीच होती की. जरा ओलावलेली होती येवढंच. पावसात मिठाच्या गोणीला पाझर फुटला, ढेप तिच्या खालीच होती. मी उन्हात सुकवली चांगली. म्हटलं, गिऱ्हाइकाला कशी द्यायची? घरात खपून जाईल."

कोकणातल्या पावसाळ्यात मिठाला पाणी सुटतं, हे पोरसुद्धा सांगेल. ते खारं पाणी गूळ पोटभर प्यायला होता. ढेप वरून सुकली, आत ओलीच राहिली. पीठ सैल झालं आणि तुपात सुटलं. आम्ही कोणी चाखलं असतं तर मळतानाच कळलं असतं. पण देवाचं चाखायचं कसं? देवाला मात्र आम्ही खारट अनारसा दाखवणार होतो.

"म्हणजे गिऱ्हाइकाला नको ते देवाला चालतं?" माई कडाडल्या. "आणि सकाळपासून मी इथं पोरीला नाय नाय ते बोलतेय, ते दुकानात ऐकू येत होतं ना तुम्हाला?"

"येत होतं," तात्या पुटपुटले.

दत्तूनं, "काय बोललीस तिला?" असं विचारलं. माईंनी चुलीवरचं काहीतरी उगीच सारखं केलं. मग टोपातला कडेचा खरपूस तुकडा, जो त्या घरात नेहमी दत्तूचा असायचा, तो पानावर घेतला आणि दाराकडे बघून म्हणाल्या, "उभी काय ऱ्हायलीस? बस. खाऊन घे. सकाळपासून पोटात काय नाय तुझ्या."

माफी म्हणून काही मागितली गेली नाही. त्या काळी सासवा माफी मागत नसत, कडेचा तुकडा देत. मी त्यावर समाधान मानलं, पण पूर्ण नाही. भाऊबीज अजून यायची होती. माणूस एका दुपारी विरघळतो आणि दोन दिवसांनी पुन्हा घट्ट होतो, हेही मी पाहिलेलं होतं. दिवाळीत दुसऱ्या घरी करंज्या वळताना माझं लक्ष माईंच्या घराकडेच होतं.

भाऊबीजेच्या दुसऱ्या दिवशी काहीतरी निमित्त काढून मी गेलेच. गोदाचा भाऊ ओसरीवर बसला होता. गाठोडं तयार होतं. गोदा माईंच्या पाया पडली. माईंनी तिच्या कपाळाला कुंकू लावलं. मी खांबाला धरून उभी होते. माझ्या वेळेलाही कुंकू लावलं होतं, नारळ दिला होता, सगळं रीतसर झालं होतं. नुसत्या रीतीवर माझा विश्वास नव्हता.

भाऊ उठला, गाठोडं उचललं, दोघं पायऱ्या उतरली. आणि माई मागून ओरडल्या, "गोदे! येताना दोन तवशी घेऊन ये गो! आमची सगळी संपलीत. आणि आयशीला विचारून ये, रवा किती घ्यायचा तो. अंदाजानं मला जमायचं नाय!"

गोदा वळली. हसली. तिला हसताना मी पहिल्यांदा बघितलं. मी मात्र पदराचं टोक तोंडात धरून मागच्या दारी गेले आणि माडाखाली बसून रडले. दुःखानं नव्हे. इतकं मोकळं मला कित्येक वर्षांत वाटलं नव्हतं.

मी शेकडो घरांत फराळ केला. सगळीकडे असं झालं नाही. काही घरांतून पोरी गेल्या त्या गेल्याच, आणि मी करंज्यांना मुरड घालत गप्प बसले, कारण तिथे माझ्या हातात काही नव्हतं. त्याचं वाईट वाटतं. म्हणून ही एक हकिगत मी जपून ठेवली आहे. माझे अनारसे हसल्याची बातमी गावात पसरायची ती पसरलीच. पुढच्या वर्षी दोन घरं तुटली, कारकुनाची बायको त्यात पहिली. तिच्या चकल्या आता कोण एका मापाच्या करतं, देव जाणे.

पण त्याआधी, कार्तिकात एका सकाळी मी मांडवीच्या बंदरावर मासळीला गेले होते. उत्तरेकडून आलेला मचवा लागला होता, माणसं होडीतून उतरत होती. त्यांत एक लहानखुरी बाई गुडघाभर पाण्यातून येत होती. लुगडं भिजत होतं, त्याची तिला पर्वा नव्हती. दोन्ही काखांत एकेक पिवळं तवसं तिनं तान्ह्या पोरासारखं सांभाळून धरलं होतं. आणि काठावर, वाळूत चपला काढून ठेवून, माई स्वतः न्यायला आल्या होत्या.